हाताने सांभाळलेले सर्व्हर ॲन्सिबलखाली कसे आणायचे

सर्व्हर पाच-सात वर्षं न थांबता चालला की त्यात नेमकं काय काय आहे हे कोणालाच पूर्ण सांगता येत नाही. कोणीतरी एका रात्री एनजिनएक्सचा टाइमआउट वाढवलेला असतो. कोणीतरी बॅकअपसाठी क्रॉन, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम, लावलेला असतो. एखादा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो, पण त्याची एसएसएच की अजून रूटच्या खात्यात असते. सगळं सुरळीत चाललेलं असतं तोवर याकडे कोणी बघत नाही. डिस्क गेली की मात्र तोच सर्व्हर पुन्हा उभा करायला किती दिवस लागतील, याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

हा लेख असे दहा-वीस, फार तर चाळीस-पन्नास लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आहे: छोटी सॉफ्टवेअर कंपनी, कॉलेजचा संगणक विभाग, पतसंस्था, रुग्णालय. उदाहरणं उबुंटू-डेबियनची घेतली आहेत. रेड हॅटच्या कुळात जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

ॲन्सिबल म्हणजे सर्व्हर कसा असावा हे फाइलमध्ये लिहून ते आपोआप लागू करणारं साधन, आणि ती फाइल म्हणजे प्लेबुक. चालू सर्व्हर ऑटोमेशनखाली आणताना पहिलं काम सुधारणेचं नसतं. सर्व्हर आज जसा आहे तसाच, त्याच्या खोडांसकट, प्लेबुकमध्ये उतरवायचा आणि ते प्लेबुक त्याच सर्व्हरवर चालवल्यावर निकालात 'चेंज्ड'समोर, म्हणजे बदललेल्या गोष्टींच्या आकड्यात, शून्य आलं पाहिजे. सुधारणा त्यानंतर, वेगळ्या कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या नोंदीत). लोकांना मोह होतो की नाहीतरी सगळं लिहितोच आहोत, तर एसएसएचही कडक करू, पीएचपीची आवृत्तीही वाढवू. मग साइट बंद पडते आणि ती लिहिण्यातल्या चुकीमुळे पडली की सुधारणेमुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. दोन आठवड्यांनी साहेब म्हणतात, राहू द्या तुमचं ते ऑटोमेशन.

ॲन्सिबलच का

या कामाची साधनं जुनी आहेत. सीएफइंजिन १९९३चं, पपेट २००५चं, शेफ २००९चं. ॲन्सिबल २०१२मध्ये आलं आणि २०१५मध्ये रेड हॅटने ते विकत घेतलं. चारही साधनांनी काम होतं. जुन्या सर्व्हरसाठी मी ॲन्सिबल सुचवतो, कारण सर्व्हरवर काहीही नवीन बसवावं लागत नाही. एसएसएच आणि पायथॉन एवढ्यावर ते चालतं आणि दोन्ही बहुधा तिथे आधीपासून असतात. पपेटचा एजंट ठरावीक वेळाने, मूळ सेटिंगनुसार दर अर्ध्या तासाने, आपणहून बदल लागू करतो. ॲन्सिबल तुम्ही चालवाल तेव्हाच चालतं, आणि तेही हवं तर एकाच सर्व्हरवर. ज्या सर्व्हरबद्दल आपल्यालाच खात्री नाही, तिथे हा फरक फार मोलाचा आहे.

एक अडचण आधीच पाहून घ्या. ॲन्सिबल-कोअर २.१७पासून सर्व्हरवरच्या पायथॉन २.७ आणि ३.६चा आधार काढून टाकला आहे. म्हणजे सेंटओएस ७, किंवा पायथॉनला हात न लावलेला रेड हॅट ८, तुमच्याकडे असेल तर २.१६वरच थांबावं लागेल. सेंटओएस ७ची मुदत ३० जून २०२४ला संपली, तरी असे सर्व्हर आपल्याकडे ठिकठिकाणी चालू आहेत. ॲन्सिबल पायथॉनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवा आणि त्याची आवृत्ती फाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे टीममधल्या सगळ्यांकडे एकच राहील.

आधी बॅकअप परत आणून बघा

बॅकअप घेतला जातोय एवढ्यावर विसंबू नका. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅबमध्ये एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरचा डेटा पुसला. त्यानंतर कळलं की रोजचा पोस्टग्रेस डंप फसतच होता: डेटाबेस ९.६चा आणि डंप घेणारं साधन ९.२चं. फसल्याची ईमेलसुद्धा स्वाक्षरीच्या नियमात न बसल्यामुळे नाकारली जात होती. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर केलं, म्हणून आपल्याला शिकता येतं.

तेव्हा प्रत्येक सर्व्हरचा ताजा बॅकअप दुसऱ्या मशीनवर खरोखर उघडा, डेटाबेस सुरू करा, कालची एखादी नोंद सापडते का ते पाहा. तोवर पुढे जाऊ नका. सेवा पुरवणाऱ्याच्या वेब कन्सोलमधून सर्व्हरमध्ये शिरता येतं का, रूटचा पासवर्ड चालतो का, हेही आजच तपासा. फायरवॉल चुकली की आत जायला तोच एक दरवाजा उरतो.

सर्व्हरचा पंचनामा

खरा वेळ इथे लागतो आणि इथे घालवलेला वेळ वाया जात नाही. ॲन्सिबलला अजून हात लावायचा नाही.

सगळ्यात आधी 'ईटीसी-कीपर' बसवा. ते सेटिंगच्या फाइली असलेलं ईटीसी फोल्डर गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात, ठेवतं आणि पॅकेज बसवलं किंवा काढलं की आपोआप कमिट करतं. आजपासून जे बदलेल ते निदान दिसेल. मात्र त्या रेपोत (गिटच्या साठ्यात) पासवर्डच्या हॅशची फाइलही असते, त्यामुळे तो रेपो सर्व्हरबाहेर ढकलू नका.

मग पॅकेजेस. 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' ही आज्ञा हाताने बसवलेल्या पॅकेजेसची यादी देते. क्लाउडच्या तयार इमेजमधली कितीतरी पॅकेजेसही त्यात येतात, म्हणून त्याच आवृत्तीचा कोरा सर्व्हर उभा करून तिथे तीच आज्ञा चालवा आणि दोन याद्यांमधला फरक काढा. रेड हॅटवर 'डीएनएफ रेपोक्वेरी --युझरइन्स्टॉल्ड' हे काम करतं.

पॅकेजबरोबर आलेल्या कोणत्या कॉन्फिग फाइल बदलल्या गेल्या, हे डेबियन-उबुंटूवर 'डेबसम्स -सीई' सांगतं आणि रेड हॅटवर 'आरपीएम -व्हीए'. इथे एक खाच आहे. डेबियन कुळात काही फाइल पॅकेजच्या थेट मालकीच्या नसतात, बसवताना तयार केल्या जातात. एसएसएच सर्व्हरची मुख्य कॉन्फिग फाइल त्यातलीच, त्यामुळे ती कितीही बदललेली असली तरी डेबसम्स गप्प बसतं. तिची मूळ प्रत 'यूएसआर'मधल्या 'शेअर'खाली 'ओपनएसएसएच' फोल्डरमध्ये असते. तिच्याशी हाताने ताडून पाहा.

सेवांसाठी 'सिस्टिमसीटीएल'ला चालू केलेल्या युनिट फाइलींची आणि टायमरची यादी मागा. 'सिस्टिमडी-डेल्टा' कोणत्या सेवेच्या मूळ व्याख्येवर कोणी काय चढवलंय ते दाखवतं. क्रॉन पाहताना रूटवर थांबू नका, प्रत्येक वापरकर्त्याचा क्रॉनटॅब उघडा. महत्त्वाचं काम 'टेस्ट' किंवा 'टेम्प' नावाच्या खात्यातून चालताना सापडण्याची शक्यता चांगलीच असते.

'एसएस -टीयूएलएनपी' चालवा आणि उघड्या असलेल्या प्रत्येक पोर्टला मालक सापडेपर्यंत थांबू नका. 'यूएसआर-लोकल', 'ऑप्ट', 'एसआरव्ही' आणि सगळ्यांचे होम फोल्डर चाळा. कोणत्याही पॅकेजमध्ये नसलेल्या स्क्रिप्ट तिथेच राहतात. प्रत्येक खात्यातल्या एसएसएच की, सुडोचे नियम आणि प्रमाणपत्रांचं नूतनीकरण कोण करतं हेही नोंदवा.

सगळ्यात फसवा भाग म्हणजे जे फक्त मेमरीत आहे आणि कुठल्याच फाइलमध्ये नाही. कोणीतरी फायरवॉलचा नियम आज्ञा देऊन घातला आणि जतन केला नाही. राउट घातला, कर्नलचं एखादं मूल्य बदललं, डिस्क माउंट केली, पण 'एफएसटॅब'मध्ये लिहिलं नाही. सर्व्हर दोन वर्षांत रीबूट झाला नसेल तर हे सगळं आजही जिवंत असतं. म्हणून चालू फायरवॉल नियम, राउट, माउंट आणि 'सिसीटीएल'ची मूल्यं यांची चालू स्थिती एका बाजूला आणि फाइलमधला मजकूर दुसऱ्या बाजूला ठेवून ओळ न ओळ ताडा. ॲन्सिबल लावल्यानंतर पहिल्या रीबूटला काहीतरी मोडतं आणि ॲन्सिबलला शिव्या बसतात, तेव्हा कारण अनेकदा इथेच दडलेलं असतं.

यंत्राला विचारून झालं की माणसांना विचारा. ज्यांनी ज्यांनी हा सर्व्हर सांभाळला त्यांच्याबरोबर निवांत बसा आणि यादी समोर ठेवून विचारा, हे का केलं होतं? सोडून गेलेल्यांनाही फोन करा. बहुतेक जण आनंदाने सांगतात. आपण केलेल्या कामाबद्दल इतक्या वर्षांनी कोणीतरी विचारतंय, याचं त्यांना बरं वाटतं.

प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक शेरा मारा: ठेवायचं, काढायचं, माहीत नाही. 'काढायचं' हेसुद्धा आत्ता काढायचं नाही. आणि 'माहीत नाही' शेऱ्याची गोष्ट जशीच्या तशी ठेवायची, प्लेबुकमध्ये तशी टीप लिहून.

रेपो, इन्व्हेंटरी आणि गुपितं

नवा गिट रेपो करा. इन्व्हेंटरीमध्ये, म्हणजे ॲन्सिबलच्या सर्व्हर-यादीत, सर्व्हरचे गट दोन अंगांनी पाडा: काम काय (वेब, डेटाबेस, मेल) आणि कुठला (चाचणीचा की खरा). गटाला लागू असलेली मूल्यं गटाच्या फाइलमध्ये, एकट्या सर्व्हरची मूल्यं त्या सर्व्हरच्या फाइलमध्ये. सर्व्हरच्या फाइलींमध्ये गर्दी दिसली तर समजा की एकसारखे मानलेले सर्व्हर खरं तर एकसारखे नाहीत.

प्रत्येक सर्व्हरवर ॲन्सिबलसाठी वेगळं खातं करा, त्याला वेगळी की आणि सुडोचा अधिकार द्या. कोणाच्या वैयक्तिक खात्यातून हे चालवू नका. तो माणूस रजेवर गेला की सगळं अडतं आणि नोंदींमध्ये कोणी काय केलं हेही कळत नाही. पंचनाम्यानंतर सर्व्हरवर केलेला हा एकमेव मुद्दाम बदल, तोही लिहून ठेवा.

पासवर्ड आणि खासगी किल्ल्या रेपोत उघड्या ठेवायच्या नाहीत. ॲन्सिबल व्हॉल्ट त्या एईएस-२५६ने बंद करून ठेवतं. व्हॉल्टचा पासवर्ड रेपोबाहेर, निदान दोन जबाबदार माणसांकडे असावा. एखादं गुपित चुकून उघडं कमिट झालंच तर फाइल पुसून भागत नाही, ते गिटच्या इतिहासात राहतं. ते गुपितच बदला. '--डिफ' (फरक दाखवणारा पर्याय) चालवताना फाइलमधला मजकूर पडद्यावर आणि लॉगमध्ये उतरतो, म्हणून गुपितं असलेल्या टास्कला (प्लेबुकमधल्या एकेका कामाला) 'नो-लॉग' लावायला विसरू नका.

पहिला रोल: घड्याळ

रोल म्हणजे एका विषयाची टास्कं आणि फाइली यांचा गट. सुरुवात अशा गोष्टीने करा जी प्रत्येक सर्व्हरवर आहे आणि चुकली तरी लगेच काही पडत नाही. माझ्या मते ती गोष्ट म्हणजे वेळ जुळवणारी सेवा; इथे उदाहरण क्रोनीचं घेतलं आहे. भारतात तिला आणखी एक कारण आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी कार्यालयं यांनी आपली घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या वेळ-सर्व्हरशी, जुळवायची आहेत. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायला सांगितलं आहे.

कृती अशी. ॲन्सिबलच्या 'फेच' मॉड्यूलने (एक ठरावीक काम करणाऱ्या तयार तुकड्याने) सगळ्या सर्व्हरवरची क्रोनीची कॉन्फिग फाइल आपल्या मशीनवर ओढा. ती सर्व्हरच्या नावाच्या फोल्डरमध्ये येऊन पडते. आता त्या एकमेकींशी ताडा. सगळ्या सारख्या असतील तर एकच फाइल रोलमध्ये ठेवा. फरक असेल तर प्रत्येक फरकाबद्दल विचारा: हा मुद्दाम केलेला आहे की राहून गेलेला? मुद्दाम असेल तर त्याचं व्हेरिएबल करा. राहून गेलेला असेल तरी आत्ता व्हेरिएबलच करा आणि दुरुस्तीच्या यादीत टाका.

मग एका सर्व्हरपुरतं '--लिमिट' लावून '--चेक --डिफ'सह प्लेबुक चालवा. काहीही न बदलता ॲन्सिबल काय बदललं असतं ते दाखवेल. फरक दिसला तर सर्व्हर बदलू नका, प्लेबुक बदला. फाइलचा मालक, परवानग्या, शेवटची रिकामी ओळ, सगळं जुळेपर्यंत. 'ही फाइल ॲन्सिबल सांभाळतं' ही वरची ओळसुद्धा आत्ता नको, कारण तीही एक फरकच. शून्य आलं की चेक काढून खरंखुरं चालवा. पुन्हा शून्य आलं पाहिजे. कमिट करा.

आता पहिली सुधारणा: वेळ-सर्व्हरची नावं बदलून एनआयसीची करा. डिफमध्ये तेवढ्याच ओळी दिसतील. चाचणीच्या सर्व्हरवर लागू करा, वेळ जुळते का ते 'क्रोनीसी सोर्सेस'ने पाहा, मग बाकीचे. पुढे लॉगच्या रोलमध्येही असंच करायचं आहे. उबुंटूत सिस्टिम लॉग मूळ सेटिंगनुसार आठवड्याला फिरतात आणि चारच ठेवले जातात, एनजिनएक्सचे रोज फिरतात आणि चौदा राहतात. १८० दिवसांच्या जवळपासही हे नाही, आणि आकडा वाढवण्याआधी डिस्कवर जागा आहे का ते बघायला हवं.

धोक्याच्या चढत्या क्रमाने पुढे

घड्याळानंतर पॅकेजेस, मग वापरकर्ते, मग एसएसएच, फायरवॉल, वेब सर्व्हर, आणि डेटाबेस सगळ्यात शेवटी. प्रत्येक रोलला तीच रीत: ओढा, ताडा, शून्यावर आणा, मग सुधारा. पॅकेजेससाठी 'लेटेस्ट' लिहू नका, 'प्रेझेंट' लिहा. नाहीतर दुपारी एखादी ओळ बदलायला चालवलेलं प्लेबुक चालता चालता डेटाबेसची आवृत्तीही वाढवून ठेवेल.

वापरकर्त्यांच्या रोलमध्ये दोन खड्डे आहेत. 'युझर' मॉड्यूलला गट सांगताना 'ॲपेंड' चालू केलं नाही, तर तो माणूस त्या गटांत जातो पण बाकी सगळ्या अतिरिक्त गटांतून बाहेर पडतो. सुडोच्या गटातूनही. दुसरा खड्डा 'ऑथराइज्ड की'चा. 'एक्सक्लुझिव्ह' चालू ठेवून लूपमध्ये किल्ल्या घातल्या की प्रत्येक फेरी आधीच्या किल्ल्या पुसते आणि शेवटची एकच उरते. किल्ल्या एकत्र करून एकाच टास्कमध्ये द्या. खात्यांचे यूआयडी आकडेही आत्ताच प्लेबुकमध्ये पक्के करा. कारण पुढे येईलच.

एसएसएचला हात लावताना दुसऱ्या खिडकीत एक जोडणी उघडी ठेवा आणि नव्या जोडणीने आत जाता येतंय हे पाहिल्यावरच ती बंद करा. टेम्प्लेटला (व्हेरिएबल भरून फाइल बनवणाऱ्या साच्याला) 'व्हॅलिडेट' लावा, म्हणजे 'एसएसएचडी -टी'ने नवी फाइल तपासून पास झाली तरच ती जागेवर बसेल. सुडोच्या फाइलसाठी 'व्हीआयसुडो -सी'. याची गरज लगेच कळते: वायएएमएलमध्ये (प्लेबुक ज्या स्वरूपात लिहितात त्यात) अवतरणचिन्हांशिवाय 'नो' लिहिलं की ते खरं-खोटंमधलं 'फॉल्स' होतं आणि टेम्प्लेटमधून 'परमिटरूटलॉगिन फॉल्स' अशी ओळ बाहेर पडते. एसएसएच ती ओळ मानत नाही. परवानग्यांचंही तसंच, '०६४४' हे अवतरणात लिहा, नाहीतर नुसता ६४४ हा आकडा दशमान समजला जाऊन विचित्र परवानग्या लागतात.

उबुंटूत एसएसएचच्या मुख्य फाइलशेजारी एक '.डी' फोल्डर असतं, आणि तिथे क्लाउड-इनिट या, क्लाउडमधल्या सर्व्हरची पहिली मांडणी करणाऱ्या, साधनाने ठेवलेली '५०' आकड्याने सुरू होणारी फाइल असू शकते. एसएसएच पहिलं सापडलेलं मूल्य धरतं. तुम्ही '९९' आकड्याची फाइल टाकून पासवर्डने लॉगिन बंद केलंत, पण '५०'मध्ये ते चालू लिहिलेलं असेल, तर पासवर्ड चालूच राहतो आणि प्लेबुक मात्र सगळं ठीक म्हणतं. खरी स्थिती 'एसएसएचडी -टी'चं मोठ्या अक्षरातलं रूप सांगतं, ते चालवून पाहा. सुडोच्या आणि डेबियनवर क्रॉनच्या '.डी' फोल्डरमध्ये तर फाइलच्या नावात टिंब असलं की ती फाइल गुपचूप वगळली जाते.

डेटाबेसच्या रोलमध्ये एक नियम ठेवा: हँडलरने पोस्टग्रेस कधीही रीस्टार्ट करायचं नाही, फक्त रीलोड. 'शेअर्ड बफर्स'सारखी मूल्यं रीस्टार्टशिवाय लागत नाहीत, ती 'पीजी-सेटिंग्ज'मध्ये 'पेंडिंग रीस्टार्ट' म्हणून दिसतात. ती यादी पाहून, सगळ्यांना वेळ सांगून, माणसाने रीस्टार्ट करावं.

हँडलर, ओळी आणि शेल

हँडलर म्हणजे फाइल बदलली तरच शेवटी सेवा रीलोड करणारं टास्क. त्यात एक बारीक गोष्ट आहे जी समजून घेतलीच पाहिजे. समजा एनजिनएक्सची फाइल बदलली, हँडलरची नोंद झाली, आणि पुढचंच एखादं टास्क त्या सर्व्हरवर फसलं. प्लेबुक तिथे थांबतं, हँडलर चालत नाही. तुम्ही चूक दुरुस्त करून पुन्हा चालवता, फाइल आता आधीच जागेवर असते म्हणून बदल शून्य, म्हणून हँडलर याही वेळी नाही. पडदा हिरवा, फाइल नवी आणि एनजिनएक्स मेमरीत जुन्याच कॉन्फिगवर. कॉन्फिगमध्ये 'फोर्स हँडलर्स' चालू ठेवा, आणि महत्त्वाच्या ठिकाणी 'फ्लश हँडलर्स'ने ते तिथल्या तिथे चालवून घ्या.

'लाइन-इन-फाइल' हे मॉड्यूल सुरुवातीला सोयीचं वाटतं. पण प्लेबुकमधून टास्क काढलं म्हणून सर्व्हरवरची ओळ जात नाही, आणि फाइलमध्ये बाकी काय आहे याची हमीही कोणी देत नाही. शक्यतो पूर्ण फाइल टेम्प्लेटने द्या किंवा '.डी' फोल्डरमध्ये आपली वेगळी फाइल ठेवा.

'शेल' आणि 'कमांड' दर वेळी 'बदललं' असंच सांगतात, त्यामुळे शून्याचा अर्थच जातो. मॉड्यूल असेल तर तेच वापरा. नसेल तर 'चेंज्ड-व्हेन'ने खरा बदल केव्हा धरायचा ते सांगा. चेक चालवताना ही दोन्ही सहसा वगळली जातात आणि त्यांच्या उत्तरावर अवलंबून असलेली पुढची टास्कं कोलमडतात. जी आज्ञा फक्त वाचते तिला 'चेक मोड' नाकारून चालू द्या.

सगळ्यांवर एकदम नाही, आणि एकही सुटायला नको

२०१२च्या जुलैअखेरीला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने चढवला होता, पण एक सर्व्हर राहून गेला. १ ऑगस्टला त्या एकावर जुना, वापरात नसलेला कोड पुन्हा जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. एसईसी या तिथल्या शेअर बाजार नियामक संस्थेच्या २०१३च्या आदेशात हे नोंदलेलं आहे: आठवा सर्व्हर राहिला आहे का हे दुसऱ्या कोणी तपासून पाहिलं नव्हतं.

ॲन्सिबलमध्ये सर्व्हर राहून जाण्याचा धोका इन्व्हेंटरीपुरता उरतो, म्हणून इन्व्हेंटरी आणि सेवा पुरवणाऱ्याचं मासिक बिल एकमेकांशी ताडत राहा. बिलात असून इन्व्हेंटरीत नसलेला सर्व्हर हा सगळ्यात आधी बघायचा सर्व्हर. लागू करताना 'सिरियल' लावून आधी एक, मग दोन, मग बाकीचे असं जा, आणि 'मॅक्स फेल पर्सेंटेज' शून्यावर ठेवा, म्हणजे पहिला फसला की दुसऱ्याला हात लागणार नाही. प्रत्येक टप्प्यानंतर साइटला खरी विनंती पाठवून उत्तर तपासणारं टास्क घाला. सेवा चालू असणं आणि साइट नीट उत्तर देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रात्री दोन वाजता कोणी हाताने बदल केला तर

करेलच, आणि साइट बंद असताना करायलाच हवा. ऑटोमेशन म्हणजे हात बांधणं असा समज टीममध्ये झाला तर लोक चोरून बदल करू लागतात. नियम सरळ ठेवा: अडचणीत हाताने बदल करायला पूर्ण मुभा, पण तो बदल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेपोत आला पाहिजे, आणि तोवर त्या सर्व्हरवर प्लेबुक चालवायचं नाही.

हे पाळलं जातंय का ते कळण्यासाठी रोज रात्री सगळ्या सर्व्हरवर '--चेक --डिफ' चालवून, शून्य न आलेल्यांची यादी सकाळी टीमच्या ग्रुपवर पाठवा. रात्रीच्या या फेरीने आपोआप दुरुस्ती करू नये, निदान पहिले काही महिने तरी नको. कोणाचा रात्री केलेला योग्य बदल पहाटे पुसला गेला तर ऑटोमेशनवरचा विश्वास एका दिवसात जातो. सकाळी यादीत नाव दिसलं तर कोणी केलं हे विचारू नका, काय अडलं होतं ते विचारा.

नवा सर्व्हर उभा करून बघा

जुन्या सर्व्हरवर शून्य येतंय यावरून एवढंच कळतं की जे लिहिलंय ते बरोबर आहे. काय लिहायचं राहिलंय ते कोऱ्या सर्व्हरवरच कळतं. म्हणून त्याच आवृत्तीचा नवा सर्व्हर घ्या, प्लेबुक चालवा, बॅकअपमधून डेटा आणा, आणि पंचनाम्याच्या सगळ्या आज्ञा दोन्हीकडे चालवून फरक काढा. टाइमझोन, लोकेल, एखादं फॉन्टचं पॅकेज ज्यामुळे पावतीच्या पीडीएफमध्ये मराठी अक्षरांऐवजी चौकोन येतात, अशा गोष्टी इथे बाहेर पडतात.

डेटा आणताना एक लक्षात ठेवा. फाइलींचा मालक डिस्कवर आकड्याने लिहिलेला असतो, म्हणून यूआयडी पक्के केले होते. आणि आवृत्ती तीच का? पोस्टग्रेसच्या डेटा फाइल जशाच्या तशा नव्या लिनक्सवर नेल्या आणि तिथली जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) बदललेली असली, तर अक्षरांचा क्रम लावायची पद्धत बदलू शकते आणि मजकुराचे इंडेक्स नकळत चुकीचे होतात. जीलिबसी २.२८मध्ये हा मोठा बदल झाला. उबुंटू १८.०४वरून २०.०४वर जाताना नेमकी हीच रेघ ओलांडली जाते. आधी त्याच आवृत्तीवर पुनर्बांधणी करा. आवृत्ती बदलणं हे स्वतंत्र काम, डंप घेऊन भरण्याच्या किंवा इंडेक्स नव्याने बांधण्याच्या तयारीनिशी.

सगळं जुळलं की वाहतूक नव्या सर्व्हरकडे वळवा. त्याआधी डीएनएसचा टीटीएल (इतरांनी पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) कमी करून ठेवा, आणि जुनी मुदत उलटू द्या. जुना सर्व्हर बंद करा, पण पुसू नका. महिनाअखेरीला पगाराची फाइल बनवणारा किंवा ३१ मार्चनंतर हिशेब फिरवणारा क्रॉन महिन्यात किंवा वर्षात एकदाच चालतो, आणि पंचनाम्यातून निसटलं असेल तर ते बहुधा असलंच काहीतरी असेल. त्या डिस्कचा स्नॅपशॉट एप्रिल संपेपर्यंत ठेवा, आणि तो पुसायची तारीख दुरुस्तीच्या यादीत आजच लिहा.